नंदनवनातला उपास

नागपुरात माझी पहिली सकाळ उजाडली ती नाकात पाणी घालून. हातात किटलीसारखं नळीचं भांडं, त्यात कोमट मिठाचं पाणी, आणि समोर माझ्यापेक्षा कितीतरी लहान अशी एक सावळी, काटकुळी मुलगी उभी राहून सांगत होती, मान वाकडी करा, तोंडानं श्वास घ्या, पाणी एका नाकपुडीतून आत जाईल आणि दुसरीतून आपोआप बाहेर येईल. मी तोंडाने श्वास घ्यायचा सोडून "खरंच येईल का?" असं विचारायला गेले आणि सगळं पाणी घशात. ठसका असा लागला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. ती हसली नाही. पाठीवर दोन थापा मारल्या, भांडं पुन्हा भरून माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "बोलून राहिल्या तं कसं होईन सिस्टर? आधी पाणी जाऊ द्या, मंग बोला."

ही वच्छला. माझ्यासारखीच शिकायला, पण चार दिवस आधी आलेली, आणि पुढचे तीन महिने माझी खोलीतली सोबतीण. घरी परतल्यापासून जो तो विचारतो, नागपूर कसं आहे, संत्री आणलीस का, मातीने खरंच रोग बरे होतात का. प्रत्येकाला तेच तेच सांगून माझं तोंड दुखायला लागलं, म्हणून एकदाचं लिहून काढते. पण लिहायला बसले की नागपूर म्हणून मला आधी वच्छलाच दिसते, त्याला माझा इलाज नाही.

मी सावंतवाडीच्या बाजूला एका लहान दवाखान्यात नर्स आहे. आमच्या डॉक्टरांना उतारवयात निसर्गोपचाराचा नाद लागला. पुष्कळ माणसं औषधावाचून बरी होणारी असतात आणि आपण त्यांना उगाच टोचत बसतो, असं ते म्हणायला लागले. नागपूरला एका संस्थेत निसर्गोपचार आणि योगाचं तीन महिन्यांचं निवासी शिक्षण मिळतं हे त्यांनी कुठूनसं शोधून काढलं आणि मला पाठवायचं ठरवलं. नवरा म्हणाला, जा. मुलं म्हणाली, संत्री आण. सासूबाईंचा मात्र जीव वरखाली झाला. माती लावायला शिकायला एवढ्या लांब कशाला जायचं, आपल्या परसात माती नाही का, असं त्या मी निघेपर्यंत विचारत होत्या. मलाही मनातून तसंच वाटत होतं, पण डॉक्टरांपुढे बोलायची सोय नव्हती.

स्टेशन ते नंदनवन

गाडीतल्या हालांबद्दल लिहीत नाही, ते सगळ्यांचे सारखेच असतात. उतरल्यावर पहिली गोष्ट लक्षात आली ती हवा. फेब्रुवारीतली दुपार, आणि अंगाला घामाचा थेंब नाही. आमच्याकडे हवेला पाण्याचा वास असतो, इथे धुळीचा आणि कोरड्या पाल्याचा होता. स्टेशनाबाहेर हातगाड्यांवर संत्र्यांचे ढीग रचलेले. आम्ही एखादं संत्रं सोलून घरात चौघांना वाटणारी माणसं, ते ढीग बघून मी सामान हातात धरून नुसती उभीच राहिले.

सायकलरिक्षावाला म्हातारा होता. नंदनवन ही वस्ती सांगितल्यावर तो वळून म्हणाला, तिकडे काहून जाऊन राहिल्या बाई, तिकडे तर अजून अर्धे प्लॉट रिकामे आहेत. मी कारण सांगितलं. त्याला ती संस्था माहीत होती. "माती लावतात तेच न?" असं म्हणून तो पुढे सबंध रस्ताभर आपल्या कंबरेचं दुखणं सांगत राहिला. अर्धं मराठी, अर्धं हिंदी. मला निम्मं कळलं, पण त्याने काही अडलं नाही.

रस्ते रुंद, झाडं मोठी, आणि वर आभाळच आभाळ. मी डोंगरांच्या कुशीत वाढलेली. चारी बाजूंना कुठेच काही न टेकलेलं आभाळ मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. मान वर करून बघताना मी रिक्षाची कड घट्ट धरली. भीती म्हणावी तर भीती नव्हती.

संस्था वस्तीच्या अगदी टोकाला होती. त्यापलीकडे शेतं सुरू व्हायची. कौलारू लांबट इमारत, ओळीने रुग्णांच्या खोल्या, मागे विहीर आणि कडुनिंबाची पाचसहा झाडं. एका बाजूला पत्र्याखाली मातीचा हौद, त्यावर ओलं गोणपाट. दवाखान्याचा म्हणून जो एक वास असतो तो कुठेच नव्हता, आणि त्यामुळे मला पहिले दोन दिवस काहीतरी विसरल्यासारखं वाटत राहिलं.

संस्थेचे प्रमुख म्हणजे गुरुजी. साठीचे, शिडशिडीत, बोलणं मोजकं. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हा शिकणाऱ्यांना समोर बसवलं, सदरा काढला, श्वास सोडून पोट असं आत ओढलं की ते पाठीला लागलं म्हणावं. मग त्या पोकळीत मधोमध स्नायूचा एक दांडा उभा राहिला आणि डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरू लागला. मी ऑपरेशनच्या टेबलावर उघडलेलं पोट कितीदा पाहिलंय. त्याने माझी पापणीही लवत नाही. पण बंद पोट एखाद्या माणसाचं ऐकतं आणि सांगेल तसं फिरतं, हे पाहून माझ्या अंगावर काटा आला. सदरा घालून गुरुजी म्हणाले, ह्यात चमत्कार काही नाही, रोज केलं की येतं. मला अजून आलेलं नाही.

त्यांचा नियम एकच होता. जो उपचार दुसऱ्याला द्यायचा तो आधी स्वतः घ्यायचा. मग आम्ही सगळं घेतलं. थंड पाण्याच्या टबात कंबरेपर्यंत बसलो, पोटावर मातीचा थापा घेऊन पडलो, मीठपाणी पिऊन ओकलो. ओल्या चादरीच्या लपेटीच्या दिवशी मला डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळलं, वरून घोंगड्या बांधल्या, आणि तेवढ्यात जेवणाची घंटा झाली. सगळे गेले. हात आत बांधलेले, हाक मारावी तर लाज वाटते. आधी गारठा, मग हळूहळू आतून ऊब यायला लागली आणि अशी गाढ झोप लागली की बाळंतपणानंतर तशी लागली नव्हती. वच्छला सोडवायला आली तेव्हा मी तिच्यावर चिडले, कारण तिने उठवलं.

पण खरी नवलाई उपासाची. आम्हालाही पाण्यावर राहायचं होतं. दुसऱ्या दिवशी मला बांगड्याच्या कढीचा वास यायला लागला. समुद्रापासून इतक्या लांब कढीचा वास कुठला येणार, पण मी शपथेवर सांगते, येत होता. त्याच्या पुढच्या दिवशी मात्र भूक कुठे गेली कळलं नाही. अंग हलकं झालं, कान साफ झाले. निंबाचं एक पान गळून खाली येताना मी ते वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. का आलं ते मला सांगता येणार नाही. मी काही भाविक बाई नाही. न्यूमोनिया झाला तर माती लावत बसू नका, सरळ आमच्याकडे या, हे मी आजही सांगते. पण शरीर नावाची वस्तू मी वीस वर्षं हाताळत होते आणि तिच्याशी माझी ओळख त्या दिवशी झाली, हेही खरं.

मौद्याच्या वाटेवर

वच्छला मौद्याजवळच्या एका खेड्यातली. छप्पन साली नागपूरला दीक्षा घेतलेल्यांत तिचे आईबाप होते, आणि ती तेव्हा आईच्या पोटात होती. हे ती फार अभिमानाने सांगायची, जणू तिने स्वतःच रांगेत उभं राहून दीक्षा घेतली होती. आमच्या खोलीत तिच्या फळीवर बुद्धाची एक लहान तसबीर होती. संध्याकाळी तिथे मेणबत्ती लावायची आणि शेजारी बसून अभ्यास करायची. मॅट्रिकपर्यंत शिकून पुढे आईबरोबर बिड्या वळत होती. त्यामुळे बोटं अशी चपळ आणि तरीही इतकी हलकी, की मालिश शिकवताना गुरुजी आम्हाला तिच्या हाताकडे बघायला सांगायचे.

संस्थेत स्त्री-रुग्णांसाठी एका मदतनिसाची जागा निघायची होती. वच्छला पास झाली तर ती जागा तिला, असं गुरुजींनी सांगून ठेवलं होतं. नाही झाली तर पुन्हा बिड्या. आणि पास होणं म्हणजे पेपर लिहिणं नव्हे. प्रत्येकाला एक रुग्ण मिळायचा. तो आल्यापासून उपास पुरा होऊन सुटेपर्यंत सगळं आपण करायचं, आणि शेवटी उपास आपल्याच हाताने सोडवायचा.

मार्चमध्ये हौदातली माती संपत आली. गुरुजींना कुठलीही माती चालत नसे. खत न पडलेली, वरची सोडून खालची लागायची. वच्छलाच्या वडिलांच्या वावराचा एक कोपरा बरीच वर्षं पडीक होता, तिथली माती गुरुजींनी आधीच पाहून ठेवली होती. संस्थेच्या टेम्पोतून वच्छला आणि मी एका सकाळी निघालो. दोन्ही बाजूंना सपाट रान आणि त्यात पळस फुललेला. झाडावर पान एक नाही, नुसती लाल फुलं. आमच्याकडे हिरव्याचं इतकं कौतुक असतं की पान नसलेलं झाड सुंदर असू शकतं हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

त्या काळ्या जमिनीला उन्हाने भेगा पडलेल्या, हात मनगटापर्यंत आत जाईल अशा. वच्छलाच्या वडिलांनी फावड्याने वरचा थर बाजूला केला आणि खोल खणून एक ढेकूळ माझ्या हातावर ठेवलं. गार, ओलसर, लोण्यासारखं मऊ. मी लाल जांभ्याच्या मुलखातली. आमच्या मातीला बोट लावलं तर बोट खरचटतं. सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या वावरात मिळालं.

घरी वच्छलाची आई सुपात तेंदूची पानं घेऊन बसली होती. बोलता बोलता बिड्या वळत होती, हाताकडे बघतसुद्धा नव्हती. मला म्हणाली, "बस वं माय, जेवल्याबिगर जाऊ नको." जेवायला भात आणि कन्हान नदीची मासोळी, लाल तिखटाच्या रश्श्यात. संस्थेत आम्ही उकडलेल्या भाज्यांवर जगत होतो. मी वच्छलाकडे पाहिलं, वच्छलाने दाराबाहेर पाहिलं. टेम्पोवाला झाडाखाली झोपला होता. मग आम्ही दोघींनी जेवून घेतलं, आणि परतताना तिने मला फक्त एवढंच बजावलं की दात घासून घ्या.

कोपऱ्यातली खोली

एप्रिल लागला आणि ऊन काय असतं ते कळलं. सकाळी नऊला रस्ते ओस. ऊन लागू नये म्हणून लोक खिशात कांदा घेऊन फिरायचे, खिडक्यांना वाळ्याचे पडदे लागले. अशा दिवसांत कोपऱ्यातल्या खोलीत एक पाटलीणबाई आल्या. काटोलकडच्या, संत्र्याच्या बागा असलेल्या घरातल्या. वय झालेलं, अंगाने आडव्यातिडव्या, गुडघे सुजलेले. घरच्या पंगतीत त्यांना खाली बसता येत नसे, खुर्ची लागायची. याची त्यांना फार लाज वाटायची. आम्ही सगळ्या त्यांना आजी म्हणायला लागलो. गुरुजींनी त्यांना काही दिवस फळांवर ठेवून मग लिंबूपाण्याचा उपास द्यायचं ठरवलं आणि वच्छलाला सांगितलं, ह्या तुझ्या.

आजी बोलायला मोकळ्या, पण आवाजात हुकूम. पहिल्याच मालिशीनंतर त्यांनी वच्छलाचे हात हातात घेऊन उलटेसुलटे करून पाहिले. मग गाव विचारलं, बापाचं नाव विचारलं, आणि कोणाची वं तू, असंही विचारलं. वच्छलाने जे आहे ते सरळ सांगितलं. आजी फक्त हं म्हणाल्या. मालिश दुसऱ्या दिवशीही झाली, तिसऱ्याही. तिच्याच हाताने माती लावून घेतली, तिच्याच खांद्याचा आधार घेऊन टबात उतरल्या. तीच हवी असायची. मात्र मी व्हरांड्यातून जाताना हमखास हाक यायची, सिस्टर, जरा पाणी देता का. मला वाटलं, माझी पांढरी साडी बघून त्यांना बरं वाटत असेल. मी दिवसातून दोनदा थांबून पाणी देत होते आणि पुढे जात होते.

उपास सुरू झाल्यावर एका रविवारी आम्ही काहीजणी सीताबर्डीला खरेदीला गेलो. मुलांसाठी काहीतरी घ्यायचं होतं. दुपारी परत आले तर कोपऱ्यातल्या खोलीत धावपळ. आजी पडून होत्या, ओठ वाळलेले, जीभ टाळूला चिकटलेली. मी नाडी पाहिली, ती धावत होती. वच्छला ओल्या फडक्याने त्यांचं कपाळ आणि पाय पुसत होती. खिडकीत पाण्याचा पेला भरलेला होता. ती दर थोड्या वेळाने पाणी घेऊन यायची, आजी म्हणायच्या, ठेव, पिते. ती गेली की पाणी खिडकीखालच्या कुंडीत. एवढ्या उन्हात सगळीकडची माती वाळून खडखडीत झाली होती आणि ती एक कुंडी चिंब होती.

मी नवा पेला भरला. आजींनी तो घेतला आणि घटाघटा प्यायल्या. मग दुसरा, मग तिसरा. वच्छला पलंगाच्या पायथ्याशी उभी राहून बघत होती. मला तिच्याकडे बघवलं नाही. हे काय आहे ते मला कळायला हवं होतं, कारण आमच्याकडेही विहिरी आणि पाणवठे वेगळे असतात आणि मी त्याच गावात राहते. पण ज्यांच्या पायांना एक हात चालतो त्यांच्या तोंडाला त्याच हातचं पाणी चालत नाही, असा हिशेब मी याआधी कधी पाहिला नव्हता. उपाशी माणसाने नागपूरच्या एप्रिलात तहानेने मरायची तयारी ठेवायची, पण ते पाणी प्यायचं नाही.

खोलीवर आल्यावर वच्छला सरळ आपल्या फळीकडे गेली. मेणबत्ती लावली, शेजारी बसली. मग एकदम हसायला लागली. "माह्या बापाचं वावर पोटावर घेऊन झोपते थे," ती म्हणाली, "अन् माह्या हातचं पाणी पेत नाई." मीही हसले, आणि मग दोघींचं हसणं थांबलं.

मी गुरुजींना सांगितलं. नर्स म्हणून मला ते सांगणं भागच होतं. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरला. आजींजवळ जाऊन त्यांनी स्पष्ट सांगितलं की पाण्याशिवाय उपास म्हणजे जिवाशी खेळ आहे, आणि पलंगाशेजारी एक सुरई आपल्या हाताने भरून ठेवली, आजींनी स्वतः ओतून घ्यावं म्हणून. पाण्याची काळजी मिटली. वच्छलाला त्यांनी दुसरा रुग्ण देऊ केला. तिने नको म्हटलं. दुसरा घेतला तर अभ्यासक्रम संपेपर्यंत त्याचा उपास पुरा होणार नव्हता, हे एक कारण. दुसरं कारण तिने गुरुजींना सांगितलं नाही. मला सांगितलं. जे माझं आहे ते मी सोडून काहून देऊ, असं ती म्हणाली.

मी गुरुजींना भीत भीत विचारलं, उपास सोडवताना आजींनी घेतलं नाही तर? ते म्हणाले, नियम कोणासाठी बदलणार नाही. ज्याने उपास सांभाळला त्यानेच सोडवायचा. आजींनी तिच्या हातून घेतलं नाही, तर तिचा रुग्ण पुरा झाला असं मला म्हणता येणार नाही. एवढं बोलून ते उठून गेले. मला त्यांचा राग आला. मग वाटलं, ते तरी दुसरं काय करणार होते.

आदल्या संध्याकाळी वच्छलाने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. "उद्या तुमी हात पुढं करू नका सिस्टर. काई झालं तरी."

सकाळी व्हरांड्यात निंबाच्या सावलीत आजींना आरामखुर्चीवर बसवलं. इतक्या दिवसांत त्या उतरल्या होत्या, गुडघ्यांची सूज ओसरली होती, चेहरा लहान मुलीसारखा दिसत होता. थोरला मुलगा काटोलहून टोपलीभर संत्री घेऊन आला होता, बहाराची शेवटची. आम्ही सगळे शिकणारे भोवती उभे. संस्थेची रीत अशी की पहिला रस कोमट पाणी घालून चमच्याचमच्याने द्यायचा आणि प्रत्येक चमचा तोंडात धरून हळूहळू गिळायला सांगायचा. उपाशी माणसाच्या हातात वाटी दिली तर तो एका घोटात संपवतो, आणि मग पोट दुखून गडाबडा लोळतो.

वच्छलाने हात धुतले, संत्री सोलली, फडक्यातून रस गाळला, पाणी घातलं. आजींच्या शेजारी स्टुलावर येऊन बसली. आणि वाटी मांडीवर ठेवून तशीच बसून राहिली.

रसाचा वास व्हरांडाभर पसरला. आजींची नजर वाटीवर गेली, मग फिरत फिरत माझ्यावर आली. त्या म्हणाल्या, "सिस्टरजवळ दे न वं थे." मी दोन्ही हात पदराखाली घट्ट धरून ठेवले.

"नाई देत," वच्छला म्हणाली. आवाज चढा नव्हता, मालिश करताना बोलायची तसाच होता. "मी हा रस पुढं करणार नाई, आजी. मी पुढं केला तं तुमी माह्यावर उपकार करून घेसान, नाई तं तोंड फिरवसान. दोनी मले नाई पाहिजे. तुमाले भूक असन तं मागा. मागसान तं देईन. मी नापास झाली तरी चालन."

मुलगा पुढे आला. कोणीही दिलं तरी काय फरक पडते, असं म्हणत वाटीकडे हात नेला. वच्छलाने वाटी हलवली नाही. आजींनी त्याच्याकडे न बघताच म्हटलं, "तू बस गा तिकडं." तो मागे सरला.

गुरुजी समोरच्या खांबाकडे बघत होते. मला वाटत होतं, ही पोरगी आता सगळं घालवणार, जागा घालवणार, पुन्हा सूप मांडीवर घेऊन बसणार. आणि त्याच वेळी मला तिच्याबद्दल असं काही वाटत होतं की जे मला गुरुजींच्या पोटाकडे बघून वाटलं नाही, त्या उघड्या आभाळाकडे बघूनही वाटलं नाही. बाविसेक वर्षांची, मॅट्रिक झालेली मुलगी. तिचा कणा मी पाहत होते.

आजींनी डोळे मिटले. "माग म्हणते मले," त्या म्हणाल्या, कोणालाच उद्देशून नाही. "साऱ्या गावाले देत आली मी. मागितलं नाई कोणाले." त्यांच्या गळ्याशी कातडी हलत होती, गिळल्यासारखी. मग डोळे उघडून त्यांनी वच्छलाकडे पाहिलं, वाटीकडे नाही.

"भूक लागली वं पोरी. दे मले."

वच्छलाने चमचा भरला. जिच्या बोटांकडे बघा म्हणून गुरुजी आम्हाला सांगायचे, तिचा हात थरथरत होता. चमच्यातला रस काठावरून ओघळायला लागला. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि मी ते पुसलं नाही. आजींनी खुर्चीच्या हातावरचा आपला वाळलेला हात उचलला, वच्छलाचं मनगट धरलं, आणि ते तसंच धरून चमचा तोंडाजवळ ओढून घेतला. रस तोंडात धरला, शिकवल्याप्रमाणे सावकाश गिळला. मनगट सोडलं नाही.

"हळू वं," त्या म्हणाल्या. "सांडून राहिला."